घरी येणारा 'फिट' किट: एनएचएसची आतड्याच्या कॅन्सरची तपासणी

इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नोंद असलेल्या 50 ते 74 वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी हा किट टपालाने येतो, फुकट. त्रास काहीच नसलेल्यांसाठीच तो आहे. जुन्या चाचणीत तीन वेळच्या शौचाचे नमुने लागत. 2019 पासूनच्या 'फिट' या नव्या चाचणीला एकच पुरतो, पथ्यही नाही, कारण ती शौचात फक्त माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन शोधते; काल खाल्लेल्या मटणाचा तिला पत्ता लागत नाही.

बाटली बोटाएवढी, झाकणालाच काडी. शौच कमोडच्या पाण्यात पडू देऊ नका; स्वच्छ डबा किंवा टिश्यूची जाड घडी धरा. काडी वरवर फिरवून फक्त खाचा भरायच्या. ढेकूळ कोंबण्यात अर्थ नाही, उलट मोजमाप बिघडतं. आतलं द्रव सांडू नका, झाकण 'खट्' वाजेपर्यंत दाबा, पुन्हा उघडू नका. बाटलीवर तारीख लिहायला हमखास विसरतात. ती नसेल तर नमुना वाया जाऊ शकतो. पाकिटाला तिकीट लागत नाही. मात्र लगेच टाका, रेंगाळलेल्या नमुन्यातलं रक्त विघटित होतं.

निकाल साधारण दोन आठवड्यांत. रक्त आढळलं म्हणजे कॅन्सर नव्हे. मूळव्याधही असू शकते, पण कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने मोठ्या आतड्याची तपासणी) टाळू नका. खरी उणीव अशी की रक्त न वाहणारी गाठ यातून निसटते. म्हणून निकाल चांगला असूनही शौचातून रक्त गेलं किंवा वजन विनाकारण घटलं, तर पुढच्या किटची वाट न पाहता जीपीला गाठा. पंचाहत्तरीनंतर किट आपोआप येत नाही, फोन करून मागवावा लागतो.