‘शुगर कंट्रोल’ची तेलं: दालचिनी, मेथी आणि कलौंजीच्या बाटल्यांचा परखड आढावा

मधुमेहासाठी म्हणून या तीन तेलांच्या छोट्या बाटल्या ऑनलाइन भरपूर खपतात. वापराची सूचना साधारण ठरलेली: कोमट पाण्यात दोन थेंब, किंवा रोज रात्री तळपायाला मालिश. साखर उतरवायला यातली एकही बाटली घेऊ नये, हे आधीच सांगतो.

मेथीचं पटकन उरकतं. साखरेवर मेथीदाण्याचा जो परिणाम दिसतो, तो मुख्यतः गॅलॅक्टोमॅनन या बुळबुळीत तंतूचा आणि ४-हायड्रॉक्सीआयसोल्युसिन या अमिनो आम्लाचा. दोन्ही वाफेबरोबर चढत नाहीत, ऊर्ध्वपातनाच्या, म्हणजे वाफेने तेल काढण्याच्या, भांड्यातच राहतात. शिवाय दाण्यात उडून जाणारं तेल असतं जेमतेम. त्यामुळे ‘मेथी तेल’ बहुधा दुसऱ्याच तेलात दाणे मुरवून केलेलं असतं. भिजवलेले दाणे खाणं वेगळं आणि ही बाटली वेगळी. कलौंजीचं तेल घाण्याचं असतं, वाफेने काढलेलं सुगंधी ‘इसेन्शियल ऑइल’ नव्हे. थायमोक्विनोन हा त्यातला चर्चेतला घटक. चमचाभर तेलात ४० कॅलरी येतात, त्या कुणी मोजत नाही.

खरा प्रश्न दालचिनीचा. तिच्यावरचा बराचसा विश्वास २००३ साली पाकिस्तानात ६० रुग्णांवर झालेल्या अभ्यासातून आला. रोज १, ३ किंवा ६ ग्रॅम दालचिनी ४० दिवस दिल्यावर उपाशीपोटीची साखर कमी झाली. पण ती कॅसिया या दालचिनीच्याच दुसऱ्या जातीच्या सालीची पूड होती, तेल नव्हतं. पुढे कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०१२च्या आढाव्यात असे १० अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा शिफारस करण्याइतका पुरावा सापडला नाही.

तेलातला मुख्य घटक सिनॅमाल्डिहाइड मधुमेही उंदरांमध्ये साखर उतरवतो, हे खरं आहे. तिथे दिलेली मात्रा होती वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅम. उंदरावरून माणसाचा अंदाज काढायच्या नेहमीच्या रीतीने हा आकडा ६.२ ने भागला, तर ६० किलोच्या माणसाला सुमारे १९० मिलिग्रॅम येतात, म्हणजे सालीच्या शुद्ध तेलाचे सहा ते दहा थेंब, रोज. एवढं तेल तोंड आणि अन्ननलिका भाजून काढेल. दोन थेंबांत ती मात्रा येत नाही, पण जळजळ मात्र होते, कारण तेल पाण्यात विरघळत नाही. हा हिशेब दरी दाखवण्यासाठी आहे, पिण्यासाठी नाही.

मालिशचा सल्ला आम्हाला सर्वांत घातक वाटतो. सालीच्या तेलाची त्वचेवरची सुरक्षित मर्यादा ०.०७ टक्के मानली जाते. ३० मिलि खोबरेल तेलात पुरता एक थेंबही बसत नाही. जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना अनेकदा गेलेली असते. चटका कळतच नाही, फोड दिसतो तोवर जखम झालेली असते, आणि ती भरायला महिने जातात. पायाला साधं खोबरेल पुरे, तेही बोटांच्या बेचक्यांत नको.

सुगंधासाठी घ्यायचं असेल तर लेबल नीट वाचा. ‘सिनॅमोमम व्हेरम’ (खऱ्या दालचिनीचं शास्त्रीय नाव) आणि पुढे ‘साल’ असं हवं. नुसतं ‘दालचिनी तेल’ लिहिलं असेल तर पानांचं किंवा कॅसियाचं असू शकतं. बॅचचा जीसी-एमएस रिपोर्ट, म्हणजे तेलात कोणता घटक किती हे दाखवणारा प्रयोगशाळेचा अहवाल, मागा. सिनॅमाल्डिहाइड ५५ ते ७५ टक्के असेल तर ठीक. युजेनॉल हा घटक ७० टक्क्यांच्या पुढे असेल तर ते पानांचं तेल. कूमरिन ठळक दिसलं तर कॅसिया. कूमरिन यकृताला त्रास देतं. युरोपात त्याची रोजची मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. घरी पाण्यात थेंब टाकून ढवळा: अस्सल तेल बुडतं. तरंगलं तर भेसळीचा संशय घ्या, पण बुडालं म्हणून शुद्ध ठरत नाही, कारण कॅसिया आणि लवंगही बुडतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जात व्हेरमच आहे, तेव्हा चांगल्या सालीसाठी फार दूर जायला नको.

‘मधुमेह बरा होतो’ अशी जाहिरात १९५४च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात बसत नाही. म्हणूनच बाटलीवर ‘शुगर बॅलन्स’सारखे मोघम शब्द असतात.

कुणी आधीच ही तेलं पोटात घेत असेल, तर ती थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी), इन्सुलिन किंवा वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर आवर्जून. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. घाम, थरथर, चक्कर आली तर ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली आकडा असेल आणि माणूस नीट गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. तेल अंगावर सांडलं तर आधी खोबरेल लावून पुसा, मग साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने ते पसरतं.