११ महिने, साडेतीन हजार गोळ्या: .२२ बोल्ट अ‍ॅक्शन रायफलीचा माझा अनुभव

आजोबांची .३१५ रायफल आमच्या घरात आहे. भोरकडच्या रानात तिनं डुकरं मारल्याच्या गोष्टी ऐकतच मी मोठा झालो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ती कपाटात गेली ती गेलीच. वारसाहक्कानं ती माझ्या लायसन्सवर चढली, तेव्हा हिच्यावरच नेमबाजी करावी असं फार मनात होतं. पण ५० मीटरच्या स्पर्धेला .२२ च लागते. शिवाय .३१५ ची अ‍ॅक्शन, म्हणजे गोळी भरायची-उडवायची यंत्रणा, ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घराण्यातली. बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा दांडा, पुढे ढकलताना स्प्रिंग दाबली जाते, त्यामुळे शेवटी हाताला जोर लागतो आणि जमवलेली पोझिशन हलते.

मग गेल्या नोव्हेंबरात बालेवाडीच्या रेंजवरच्या एका सीनियर नेमबाजाकडून आन्शुट्झ या जर्मन कंपनीची ५४ अ‍ॅक्शनची जुनी रायफल घेतली. एकेरी गोळीची, लाकडी स्टॉक (दस्ता), दोन टप्प्यांचा ट्रिगर. त्याआधी परवानगी, लायसन्सवर नोंद यात साडेचार महिने गेले होते. तेवढा वेळ हिशेबात धराच.

घेण्याआधी एका दुकानात मला सांगितलं होतं, ‘बॅरल चांगली असली की झालं.’ ते ऐकून मी स्टॉककडे नीट पाहिलंच नाही. पहिले दोन महिने प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम धरताना, मान अवघडायची आणि विसाव्या शॉटनंतर डायऑप्टरमधलं (डोळ्याजवळच्या बारीक भोकाच्या साइटमधलं) वर्तुळ एका बाजूला काळं पडायचं. नेमबाजी शिकवणाऱ्या सरांनी मला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगितली आणि मग डोळे उघडायला लावले. माझा डोळा साइटच्या चांगलाच खाली होता. चीकपीस (गाल टेकतो तो भाग) ८ मिलिमीटर वर घेतला, बटप्लेट (खांद्याला टेकते ती पट्टी) थोडी आत घेतली आणि त्याच रायफलीवर त्याच आठवड्यात माझे दहा गुणांचे शॉट वाढले. म्हणून पहिली रायफल घेताना मॉडेलच्या नंबरापेक्षा तिचा स्टॉक आपल्या अंगाला बसतो का, हे आधी बघा. हवं तर अर्धा तास जमिनीवर झोपून बघा.

यानंतर महत्त्वाचा गोळ्यांचा लॉट, म्हणजे एकाच वेळी बनलेली खेप. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या डब्यांवर लॉट नंबर वेगळा असला की माझी बॅरल वेगळं वागते. बाकावर टेकवून दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप काढले आणि छिद्रांचा पसारा मोजला: एका लॉटचे २३ मिलिमीटर, दुसऱ्याचे १४. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, गोळी ५.६ ची, आणि कड टेकली तरी दहा धरतात. म्हणजे छिद्रांची केंद्रं १६ मिलिमीटरच्या आत राहिली तरच रायफल आपल्याला सगळे दहा देऊ शकते. २३ वाला लॉट वापरताना चूक माझी की गोळीची, हे कळायलाच मार्ग नव्हता. त्यात मी अख्खा फेब्रुवारी घालवला आणि उगाच स्वतःची पोझिशन बदलत बसलो.

जुलैत ग्रुप पुन्हा पसरला. पुण्याची पावसाळी हवा, त्यात लाकडी स्टॉक. अ‍ॅक्शनचे दोन्ही स्क्रू टॉर्क पान्यानं तपासले तर पुढचा ढिला झाला होता. दोन्ही ५ न्यूटन-मीटरवर घट्ट केले आणि ग्रुप जागेवर आला. आता पावसाळ्यात दर रविवारी तपासतो. घरी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आहेत. बोल्ट काढून वेगळ्या कुलपात असतो.

बोल्ट अ‍ॅक्शनचं मला सगळ्यात आवडलेलं सुख सफाईचं. बोल्ट मागे ओढून काढला की चेंबरकडूनच, म्हणजे गोळी बसते त्या मागच्या बाजूनं, रॉड घालता येतो, त्यामुळे नळीच्या तोंडाची कड घासली जात नाही. ती कड खराब झाली तर नेमकेपणा गेलाच. आणि रेंजवर बोल्ट उघडा, चेंबरमध्ये फ्लॅग (आत गोळी नसल्याची खूण) दिसला की शेजारच्यालाही निर्धास्त वाटतं.

त्रास आहेतच. वजन भारी आहे. स्टँडिंगमध्ये चाळिसाव्या शॉटला डावी कंबर बोलायला लागते. नियमाची मर्यादा ८ किलोची, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. गोळ्यांचा खर्च मात्र रायफलीपेक्षा जास्त टोचतो. २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य आणलं, तेव्हापासून माझ्या ओळखीतले तिघे एअर रायफलवरून .२२ कडे वळायचं म्हणताहेत. त्यांना मी हाच हिशेब आधी सांगतो.

१४ मिलिमीटरवाल्या लॉटचे सहा डबे उरलेत. ते स्पर्धेसाठी बाजूला काढून ठेवले आहेत, सरावाला हात लावत नाही.