ड्रॅगनबॉर्न: अनेक महिन्यांच्या खेळानंतरचा अनुभव

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रे रंगवत खेळायच्या कथा-खेळाच्या २०१४ च्या नियमांतील ड्रॅगनबॉर्न, म्हणजे ड्रॅगनच्या रक्ताचा आणि श्वासातून हल्ला करू शकणारा माणसासारखा वंश, घेऊन मी अनेक महिने खेळत आहे. परवाच्या सेशनमध्ये आमची मंडळी एका पडक्या खाणीत उतरली, माझ्या हातातील मशालीचा उजेड पहारेकऱ्यांनी लांबूनच टिपला आणि आम्हाला हात हलवत परतावे लागले. ताकद किती वाढते, श्वासातून आग फेकावी की आम्ल, हे वाचकांना ठाऊक असेलच, म्हणून थेट मुख्य तक्रारीवर येतो: या वंशाला अंधारात दिसत नाही.

२०१४ च्या नियमपुस्तकातील नऊ वंशांपैकी सहांना डार्कव्हिजन, म्हणजे अंधारात पाहण्याची क्षमता, आहे. एल्फ, ड्वार्फ, नोम, हाफ-एल्फ, हाफ-ऑर्क आणि टीफलिंग यांना अंधारात किमान ६० फूट दिसते. वगळले आहेत ते मानव, हाफलिंग आणि ड्रॅगनबॉर्न. मानवाचे सर्व गुण एकेकाने वाढतात आणि हाफलिंगला वीस बाजूंच्या फाशावर एक पडल्यास तो पुन्हा टाकता येतो, म्हणजे या दोघांची भरपाई तरी झालेली आहे. ड्रॅगनबॉर्नचे मात्र तसे नाही. ज्याच्या रक्ताचा हा वंश, त्या ड्रॅगनला मिट्ट काळोखातही दिसते आणि वारसाला दिसत नाही, याचे समर्थन मला अद्याप सापडलेले नाही.

खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर मशाल तांब्याच्या एका नाण्याला मिळते, तासभर जळते आणि २० फूट लख्ख व त्यापुढे २० फूट मंद उजेड देते. झाकणाचा कंदील त्याहून लांब उजेड पाडतो, पण त्याची किंमत सोन्याची ५ नाणी आहे, शिवाय सहा तासांच्या तेलाला चांदीचे एक नाणे, म्हणजे तांब्याची १० नाणी लागतात. तेवढ्याच वेळेच्या मशाली ६ नाण्यांत येतात. त्यामुळे मी मशालीच वापरतो. खरी किंमत नाण्यांची नसून हाताची आहे. एका हातात तलवार आणि दुसऱ्यात मशाल धरली की ढाल पाठीवरच राहते, आणि सर्वांत पुढे उभ्या राहणाऱ्या लढवय्याला हे फार महागात पडते.

तरीही माझे मत मध्यंतरी बरेच बदलले. आमच्या टेबलवर डार्कव्हिजन असणाऱ्यांना अंधारात भरदुपारी दिसावे तसे दिसत असे. नियम तसा नाही. त्यांना गडद अंधार मंद उजेडासारखा दिसतो, रंग ओळखता येत नाहीत, आणि नजरेवर अवलंबून असलेल्या शोधाच्या वेळी दोन फासे टाकून कमी आकडा धरावा लागतो. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, हा नियम काटेकोरपणे लावायला सुरुवात केल्यावर एल्फच्या नजरेतून पायाखालची तार निसटली, आणि ज्यांना माझ्या मशालीची अडचण वाटत होती तेच ती जवळ आणायला सांगू लागले. उणीव कायम आहे, पण पूर्वी वाटत होती तेवढी मोठी नाही.

श्वासाच्या हल्ल्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पहिल्या लेव्हलला तो उत्तम वाटतो. पाचव्या लेव्हलला लढवय्याला दोन वार मिळू लागले की पूर्ण अॅक्शन (आपल्या पाळीतील मुख्य कृती) खर्चून दोन फाशांचे नुकसान करणे परवडत नाही.

खरा आनंद मिळाला तो अनपेक्षित ठिकाणी, भाषेत. ड्रॅगनबॉर्नला वंशासोबतच ड्रॅकॉनिक, म्हणजे ड्रॅगनांची भाषा येते. आमच्या डीएमची मातृभाषा तेलुगू आहे. माझे बालपण सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत गेल्यामुळे ती मला चांगली समजते. ड्वार्फ खेळणारा मित्र अक्कलकोटचा असून त्याच्या घरी कन्नड बोलतात. साहजिकच ड्रॅकॉनिक म्हणजे तेलुगू आणि ड्वार्विश म्हणजे कन्नड, असे आमच्याकडे ठरून गेले. एकदा पकडलेला कोबोल्ड (ड्रॅकॉनिक बोलणारा एक छोटा जीव) आपल्या साथीदाराकडे पाहून ‘तलुपु वेनक उन्नारु’ एवढेच पुटपुटला. इतर सर्व जण डीएमच्या तोंडाकडे पाहत राहिले आणि दाराआड शत्रू दबा धरून आहेत हे एकट्या मला कळले. इतक्या महिन्यांत माझ्या पात्राचा त्याहून मोठा उपयोग कधीच झाला नाही, आणि त्यासाठी एकही नाणे खर्च करावे लागले नाही.

म्हणूनच २०२४ च्या नव्या आवृत्तीबद्दल माझे मन दुभंगलेले आहे. तिच्यात ड्रॅगनबॉर्नला अखेर ६० फुटांचे डार्कव्हिजन दिले आहे, श्वासाचा हल्ला एका वाराऐवजी वापरता येतो आणि पाचव्या लेव्हलला दहा मिनिटांपुरते पंखही फुटतात. पण भाषा आता वंशासोबत येत नाहीत. प्रत्येक जण आपल्या पसंतीने निवडतो, त्यामुळे ड्रॅकॉनिक कोणीही घेऊ शकतो. ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर कुरकुर केली ती मिळाली, आणि जी मला सर्वांत प्रिय होती ती सैल झाली.

दोन्ही आवृत्त्यांचे मूलभूत नियम अधिकृतपणे फुकट उपलब्ध आहेत, त्यामुळे खर्च फक्त झेरॉक्सचा. आम्ही जुन्याची स्पायरल बांधलेली प्रत वापरतो आणि चालू कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी कथा) संपेपर्यंत तीच वापरणार आहोत. ज्यांना २०१४ च्या नियमांनी ड्रॅगनबॉर्न घ्यायचा आहे त्यांनी अंधाराचा नियम काटेकोर लावण्याचे डीएमकडून पहिल्याच दिवशी कबूल करून घ्यावे, आणि मशाल धरण्यासाठी मागच्या रांगेतील एखादा जादूगार आधीच ठरवून ठेवावा. आमच्याकडे पुढच्या सेशनपासून ते काम नोमकडे दिले आहे.