क्रेमोना की लेच्चे? इटलीच्या छोट्या शहरात बिऱ्हाड हलवण्याआधी

मिलानची भाडी परवडत नाहीत म्हणून इटलीतल्या एखाद्या छोट्या शहरात राहायचं ठरवलं, तरी उत्तरेला जायचं की दक्षिणेला, हे ठरवायचं राहतंच. तुलनेसाठी उत्तरेतलं क्रेमोना आणि दक्षिणेतलं लेच्चे घेऊ. दोन्ही आपापल्या प्रांताची मुख्य ठिकाणं, आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावासारखी. क्रेमोनाची वस्ती 70 हजारांच्या आसपास, लेच्चेची 95 हजारांच्या. क्रेमोना स्त्रादिवारी या नामवंत व्हायोलिन-कारागिराचं, व्हायोलिनचं गाव. लेच्चे पिवळसर दगडातल्या, नक्षीदार बरोक शैलीच्या चर्चांचं. देखणी दोन्ही आहेत, त्यामुळे फोटो पाहून निवड करू नका. फेब्रुवारीतला एखादा साधा मंगळवार तिथे कसा जाईल, ते पाहा.

सगळ्यात आधी पगार कुठून येणार? बाकीचं बरंच काही त्यावरच ठरतं.

क्रेमोनाच्या आसपास पोलाद, दूध आणि खाद्यप्रक्रियेचे कारखाने आहेत, मिलानच्या पोलितेक्निको या तंत्रविद्यापीठाची शाखाही आहे. मिलान रेल्वेने तासाभराहून थोडं जास्त. पण वाटेतल्या कोदोन्यो गावापासून क्रेमोनापर्यंत मुख्यतः एकेरी मार्ग, त्यामुळे गाडी उशिरा आली की सगळं वेळापत्रक कोलमडतं. आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिस असेल तर ही ये-जा जमते; रोजची मात्र माणसाला झिजवते.

लेच्चेत नोकऱ्या कमी. तिथली तरुण मुलंच शिकून उत्तरेला जातात. अपवाद संशोधनाचा, आणि तो मोठा आहे: सालेंतो विद्यापीठ, नॅनोतंत्रज्ञानाची केंद्रं आणि हवामान बदलावर काम करणाऱ्या राष्ट्रीय केंद्राचं मुख्यालय, हे सगळं इथे आहे. बाहेरून येणाऱ्या संशोधकाला, अटी पूर्ण होत असतील तर, 6 वर्षं 90 टक्के उत्पन्नावर आयकरात सूट मिळते. पगार परदेशातून येत असेल तर एप्रिल 2024 पासून डिजिटल नोमॅड व्हिसाही आहे, म्हणजे इटलीत राहून दूरस्थ काम करणाऱ्यांसाठीचा. त्यासाठी पदवी किंवा तेवढा अनुभव, ठरावीक किमान उत्पन्न आणि आरोग्यविमा लागतो. महाराष्ट्रातून अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातो.

घराचं भाडं दोन्हीकडे मिलानच्या निम्म्याहून कमी. फरक पडतो तो उष्णतेचा. इटलीत घर तापवायचे दिवस कायद्याने ठरलेले आहेत. क्रेमोना 'ई' विभागात: 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल, दिवसाला 14 तास. लेच्चे 'सी' विभागात: 15 नोव्हेंबर ते 31 मार्च, दिवसाला 10 तास. वाचताना वाटतं, दक्षिणेत बचत होईल. प्रत्यक्षात लेच्चेची जुनी उंच कमानींची दगडी घरं उन्हाळ्यात सुखाची आणि जानेवारीत ओली-गार. भिंतींना ओल धरते, कपडे वाळत नाहीत. क्रेमोनात बाहेर शून्याच्या खाली गेलं तरी घर ऊबदार असतं, फक्त गॅसचं बिल आधी विचारून घ्या. लेच्चेत घर बघताना हीटर चालतो का, एवढ्यावर थांबू नका; भिंतीला हात लावून बघा.

क्रेमोनाची हवा हा मला सगळ्यात गंभीर मुद्दा वाटतो. आल्प्स आणि अपेनाइन पर्वतांच्या मधल्या पो नदीच्या खोऱ्यात हिवाळ्यात वारा पडतो. गाड्या, घरांची धुराडी आणि हजारो गाईंच्या शेणमुताचा अमोनिया तिथेच साचून राहतो. 2021 मध्ये युरोपीय पर्यावरण संस्थेने सूक्ष्म धुळीनुसार युरोपीय शहरांची क्रमवारी लावली, तेव्हा क्रेमोना शेवटून दुसरं होतं. त्यात हिवाळ्यातलं दाट धुकं, सूर्य न दिसणारे आठवडे. घरात कुणाला दमा असेल तर क्रेमोना यादीतून काढून टाका. लेच्चेला दोन्ही बाजूंनी समुद्राचा वारा आहे. तिथे त्रास जुलै-ऑगस्टच्या उन्हाचा, आणि तो विदर्भ-मराठवाड्याच्या माणसाला नवा नाही.

जेवणात शाकाहाऱ्यांसाठी लेच्चे सरळ वरचढ. वाळल्या बाकल्याचं (फावा बीन्सचं) घोटलेलं पिठलं आणि कडसर पालेभाजी, हरभरे घातलेला पास्ता, टोमॅटो चोळलेला कडक पाव ही तिथली रोजची जेवणं. क्रेमोनात मांसाचा रस्सा, सलामी, उकडलेलं मांस. ग्राना पादानो चीजमध्येसुद्धा जनावराचं रेनेट, म्हणजे दूध साकळवायचं द्रव्य, असतं. आपला किराणा मात्र क्रेमोनाकडे सोपा. तिथल्या गोठ्यांमध्ये कित्येक वर्षं पंजाबी माणसं राबत आली आहेत, प्रांतातल्या पेस्सिना क्रेमोनेसेला 2011 पासून मोठा गुरुद्वारा आहे. आटा, डाळी, हिंग, कढीपत्ता मिळवायला मिलान गाठावं लागत नाही. लेच्चेत श्रीलंकेच्या लोकांची वस्ती आहे, तिथल्या दुकानांवर भागतं.

कागदपत्रं दोन्हीकडे सारखीच. पोचल्यापासून 8 कामकाजी दिवसांत पोस्टातून राहण्याच्या परवान्याचा अर्ज, मग पोलीस कचेरीत बोटांचे ठसे, मग नगरपालिकेत नोंद. नोकरदाराला सरकारी आरोग्यसेवेचा हक्क असतो. त्या सेवेत ऐच्छिक नोंदणी करणाऱ्याला 2024 पासून वर्षाला किमान 2,000 युरो भरावे लागतात, विद्यार्थ्याला 700.

भारतीय वाहन परवाना इटलीत बदलून मिळत नाही. रहिवासी नोंदीनंतर वर्षभर आंतरराष्ट्रीय परवान्यासह चालतो, मग परीक्षा द्यावी लागते: 30 प्रश्न, 20 मिनिटं, जास्तीत जास्त 3 चुका, आणि इंग्रजीचा पर्याय नाही. क्रेमोना सपाट, सायकलवर अख्खं गाव होतं, म्हणून तिथे घाई नाही. लेच्चेत शहराबाहेर पडायचं तर स्थानिक गाड्या संथ आणि तुरळक, गाडी लागतेच.

मुलं असतील तर शाळा कुठवर चालते ते विचारा. दुपारच्या जेवणासह संध्याकाळपर्यंत चालणारी प्राथमिक शाळा उत्तरेत सहज मिळते, दक्षिणेत बहुतेक शाळा दुपारी सुटतात. आई-बाबा दोघंही कामावर जाणार असतील तर एवढ्या एका गोष्टीवर क्रेमोना जिंकतं.

आणि दोघांतल्या एकाचीच नोकरी असेल तर घरी राहणाऱ्याचा विचार आधी करा. मिलानमध्ये इंग्रजीवर वेळ निभावते, या दोन्ही शहरांत नाही. डॉक्टर, शिक्षिका, शेजारच्या आजी, सगळे इटालियनच बोलणार. क्रेमोनाची माणसं अबोल, ओळख व्हायला वर्ष जातं. लेच्चेत संध्याकाळी सगळं गाव रस्त्यावर असतं, बोलायला माणूस लगेच मिळतं; भाषा कच्ची असलेल्याला हे फार मोलाचं आहे. कुटुंब म्हणून आलेल्या जोडीदाराला कामाची परवानगी असते, आणि दोन्ही प्रांतांत प्रौढांच्या सरकारी शाळांत इटालियन जवळपास फुकट शिकवतात. तिथे पहिल्याच महिन्यात नाव घाला.

इटलीतली नोकरी आणि लहान मुलं असतील तर मी क्रेमोना सुचवेन, हवेची अट पाळून. संशोधन, परदेशी पगार किंवा मुलं मोठी झालेलं जोडपं असेल तर लेच्चे. निवृत्तांसाठी दक्षिणेत फक्त 7 टक्के कर भरायची सवलत आहे, पण ती लहान गावांपुरती; लेच्चे शहर त्यात बसत नाही, आसपासची बरीच गावं बसतात.

पहिलाच भाडेकरार 4 अधिक 4 वर्षांचा (4 वर्षं, मग नूतनीकरणाने आणखी 4) करू नका. 18 महिन्यांपर्यंतचा तात्पुरता करार मिळतो. तो नोंदणीकृतच हवा, नाहीतर नगरपालिकेत नोंद अडते. अनामत 3 महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. आणि घर बघायला जानेवारीत जा, दोन्हीकडे.