गच्ची गळतेय, माणूस कुठे शोधायचा? सांगलीकरांसाठी गुगल मॅप्स, जस्टडायल, सुलेखा आणि हार्डवेअरचं दुकान

नळाचा वायसर बदलला, तर तो ठिबकतो की नाही हे संध्याकाळपर्यंत कळतं. प्लंबरबद्दल त्याच दिवशी लिहिलेला रिव्ह्यूसुद्धा म्हणून कामाचा. गच्चीचं तसं नाही. मेमध्ये कोबा (पाणी अडवणारा सिमेंटचा थर) झाला, मिस्त्री गोड बोलला, जाताना राडारोडाही उचलून नेला, मालकाने खुशीत पाच तारे दिले. गळती उघडी पडते जुलैत, आणि तेव्हा तारे बदलायला फारसं कोणी परत येत नाही. वॉटरप्रूफिंग, बाहेरचा रंग आणि भिंतीची ओल या तीन कामांसाठी ४.८ की ४.२ हे सोडून द्या, रिव्ह्यूची तारीख पाहा.

तारखेसाठी गुगल मॅप्स सगळ्यात सोयीचं. रिव्ह्यू ‘सर्वात नवीन’ क्रमाने लावा. तिथे ‘५ महिन्यांपूर्वी’ असं दिसतं, त्यावरून महिना मोजून काढा. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये लिहिलेल्या दोन ओळी एप्रिल-मेच्या वीस कौतुकांपेक्षा जास्त सांगतात. रिव्ह्यूंमध्ये शब्द शोधायची सोय आहे, तिथे ‘गळती’, ‘ओल’, ‘लीकेज’ टाका. आपल्याकडे मराठी रोमन लिपीतही लिहितात, त्यामुळे तसंही शोधा. मग लिहिणाऱ्याच्या नावावर टिचकी मारा. त्याने विश्रामबागेतली बेकरी आणि मिरजेतला दवाखाना यांवरही लिहिलं असेल, तर माणूस इथला. एकाच आठवड्यात सूरत, लखनौ आणि कोइम्बतूरच्या दुकानांना पाच तारे देणारा धरू नका. एक-दोन तारेवाले रिव्ह्यू आधी वाचा, आणि त्यांना ठेकेदाराने काय उत्तर दिलंय तेही. ठेकेदाराला नको असलेला रिव्ह्यू स्वतः पुसता येत नाही, फक्त गुगलकडे तक्रार करता येते. ‘येऊन पाहतो’ असं उत्तर आणि ‘तुम्ही आमचे ग्राहकच नाही’ असं उत्तर, यांत बराच फरक आहे.

गुगलची उणीव वेगळीच आहे: चांगला गवंडी बहुतेकदा नकाशावर नसतोच. त्याला ना दुकान, ना पाटी. मोबाइलवर धंदा चालतो.

असे लोक जस्टडायलवर जास्त सापडतात. १९९६ पासूनची ही मुळात फोनवरची डिरेक्टरी, त्यामुळे यादी लांबलचक. पण वर दिसणाऱ्यांत पैसे भरून जागा घेतलेले असतात, तेव्हा वरचा तो चांगला असं समजू नका. पत्ता नीट वाचा. सांगली टाकलं तरी माणूस कोल्हापूरचा निघू शकतो, आणि ओल पुन्हा आली की पन्नास किलोमीटरवरून तो किती वेळा येईल? ‘व्हेरिफाइड’चा शिक्का धंद्याच्या माहितीपुरता असतो, कोब्याला नव्हे. चौकशीचा फॉर्म भरला की तुमचा नंबर एकदम अनेकांकडे जातो आणि फोन थांबत नाहीत. त्यापेक्षा यादीतला नंबर घेऊन आपणच फोन लावावा.

सुलेखा या साइटचं गणितही तेच, फक्त आधी प्रश्न जास्त विचारतात. दोन-चार दर पटकन हवे असतील तर ठीक. ठरावीक दराने माणूस पाठवणारी अर्बन कंपनी मोठ्या शहरांवर बेतलेली आहे. आधी ४१६४१६ पिनकोड टाकून सेवा मिळते का पाहा.

खोट्या रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक आहे. त्याच्या भरवशावर राहू नका.

हार्डवेअरच्या दुकानात तारे नसतात, पण वॉटरप्रूफिंगचे डबे कोण किती नेतो आणि कोणाची उधारी थकते, हे दुकानदाराला पाठ असतं. अडचण एकच: ज्याच्याकडून माल खपतो त्याचंच नाव तो आधी घेणार. म्हणून ‘चांगला कोण?’ असं विचारू नका. ‘गेल्या उन्हाळ्यात याने कुणाच्या गच्चीवर काम केलं?’ असं विचारा आणि ती गच्ची पाहून या.

पूर येऊन गेलेल्या भागात, म्हणजे शामरावनगर किंवा गावभागात, आणखी एक पारख. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. बुडालेल्या भिंतीत क्षार राहतात आणि लोणा, म्हणजे पांढरी खारट पूड, फुटतो. अशा भिंतीवर थेट पुट्टी मारली की ती फुगून सुटते. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आत थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे. जो ठेकेदार हे न तपासता रंगाचा दर सांगतो, त्याला कितीही तारे असोत, पुढचा नंबर फिरवा.

कोणाकडूनही नाव मिळालं तरी दर चौरस फुटावर, मालासह की फक्त मजुरी, हे लिहून घ्या. त्याच कागदावर ढाळ दहा फुटांना सव्वा इंच, कठड्याच्या कडेने वाटा (कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई), आणि काम झाल्यावर ४८ ते ७२ तास पाणी तुंबवून चाचणी, हेही येऊ द्या. शेवटचे दहा टक्के ऑगस्टअखेर देण्याचं आधीच ठरवा. याला कोण तयार होतो आणि कोण फोन ठेवतो, ते कुठल्याही साइटवर लिहिलेलं नसतं.