सॉफ्टबॉलचा सराव: ईदगाह मैदान की कॉलनीतलं मैदान?

नाशिकमध्ये मुला-मुलींची नवी सॉफ्टबॉल टीम जमवायची तर ग्लोव्हज, बॅटी कशाही जमतात. अडतं ते जागेवर. मी दोन वर्षं त्र्यंबक रोडच्या ईदगाह मैदानावर सराव घेतला आणि आता तीन वर्षं सिडकोतल्या महापालिकेच्या एका छोट्या मैदानावर घेतोय.

ईदगाहला मोकळेपणा आहे, त्याला तोड नाही. मागे धावत जाऊन उंच कॅच कसा घ्यायचा, हे तिथेच नीट शिकवता येतं. शहराच्या मध्यात असल्यामुळे सातपूरची आणि नाशिकरोडची मुलं एकाच टीममध्ये खेळू शकतात. ईदच्या नमाजाचे दिवस सोडावे लागतात, पण ते आधीच ठाऊक असतात. शेजारच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामना असला की पोरांचं अर्धं लक्ष तिकडे. तेही चालायचंच.

माझं गाडं अडलं ते ओव्हरथ्रोवर.

सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधलं, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या दोन ठिकाणांमधलं, अंतर फक्त 60 फूट. ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) उचलून पहिल्या बेसवर फेकायला शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या खेळाडूला, वेळच मिळत नाही, त्यामुळे नव्या खेळाडूचे निम्मे थ्रो बेसवाल्याच्या डोक्यावरून जातात. ईदगाहला मागे अडवणारं काहीच नाही. चेंडू थेट शेजारच्या टेनिस बॉल क्रिकेटमध्ये. तो आणायला पोरगं धावणार, तोवर बाकीचे उभे. दीड तासाच्या सरावातला बराच वेळ, मला वाटतं, यातच जायचा.

वेळेचंही एक वेळ सोसलं असतं. एकदा सकाळी फेऱ्या मारणाऱ्या एका आजोबांच्या पायाजवळून आमचा चेंडू सुसाट गेला. लागला नाही, ते काही बोललेही नाहीत. पण आमची शॉर्टस्टॉप मुलगी त्या दिवसापासून हात आखडून फेकायला लागली. मी महिनाभर "जोरात फेक गं" म्हणत होतो आणि ती आधी पलीकडे कोण उभं आहे ते बघत होती. तिचं चुकत नव्हतं.

सिडकोतल्या मैदानाला एका बाजूने सलग भिंत आहे. पहिला बेस त्या बाजूला घेतला आणि चेंडू आपोआप परत यायला लागला. तीन आठवड्यांत त्या मुलीचा हात मोकळा झाला. पायाखाली मुरूम असल्याने पाऊस उघडला की लवकर खेळताही येतं. ईदगाहला मात्र चिखलातून वाट काढल्याचं आठवतं.

छोट्या मैदानाची उणीव उघड आहे: मोठा फटका मारता येत नाही, आउटफिल्ड जेमतेम. तुमची टीम मोठ्या मुलांची असेल, स्पर्धा तोंडावर असेल, तर ईदगाहच बरं पडेल कदाचित. आम्हीही स्पर्धेआधीचे दोन रविवार तिथे जातोच. 2028 च्या ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय म्हणून हल्ली पालक चौकशीला येतात. बारा-तेरा वर्षांच्या नवख्या मुलांसाठी मी त्यांना भिंतीचं मैदानच सुचवतो.

फक्त आखताना बेस आणि भिंत यांत वीस-पंचवीस फूट सोडा. पहिला बेस ओलांडून पळत जाता येतं, त्या धावेला थांबायला जागा हवी. आणि फक्की सहाच्या आत मारून घ्या, नंतर चालणारे येतात.