आईच्या पायाचं मापाचं स्टॉकिंग, सहा महिने वापरल्यावर

आईचं गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा ओटीपोटातल्या लिम्फ नोड्सही काढल्या होत्या, मग रेडिएशन, आणि दीड वर्षाने डावा पाय सुजायला लागला. डॉक्टर म्हणाले लिम्फेडेमा, नोड्स गेल्या की लिम्फ या पाण्यासारख्या द्रवाचा निचरा नीट होत नाही आणि ते पाणी पायातच साठतं. लघवी होण्याच्या गोळ्यांनी उतरेल का विचारलं तर सरळ नाही म्हणाले.

सुजेसाठी पायावर दाब देणारा घट्ट लांब मोजा, म्हणजे स्टॉकिंग, घालायचं होतं; पहिलं मी एका सर्जिकलच्या दुकानातून आणलं. त्यांनी नुसती उंची आणि वजन विचारलं आणि लार्ज हातात ठेवलं. तासाभरात वरची कड गुंडाळून मांडीत रुतली, रात्री काढलं तर लाल खोल रेघ आणि पाऊल आधीपेक्षा टम्म. आई काही बोलली नाही, नुसती त्या रेघेवरून बोट फिरवत बसली. मला अजून आठवलं की कसंतरी होतं.

मग कर्वे रोडजवळ हेच काम करणाऱ्या एक फिजिओथेरपिस्ट ताई मिळाल्या. त्यांनी आधी पायाचा रक्तपुरवठा तपासून आणायला सांगितला आणि माप घ्यायला चक्क नकार दिला. म्हणाल्या, काकू, सुजलेल्या पायाचं माप घेतलं तर सुजलेल्या पायाचंच स्टॉकिंग येईल. तीन आठवडे हलक्या हाताने मसाज आणि थरांचं बँडेज, रोज रिक्षाने ये-जा, आईला खूप कंटाळा यायचा पण घोटा साडेअठ्ठावीसवरून 25 सेंटीमीटरवर आला. मग एका सकाळी, पाय सर्वात हलका असताना, दर थोड्या अंतरावर टेप लावून माप घेतलं.

आलं ते फ्लॅट निट, म्हणजे सपाट विणून मागे शिवलेलं, चांगलं जाड, क्लास 2 म्हणजे 23 ते 32 मिलिमीटर पाऱ्याचा दाब, घोट्याशी जास्त आणि वर जाताना कमी कमी. मांडीत अजिबात रुतत नाही. सूज उतरवायचं काम बँडेजचं, स्टॉकिंग फक्त ती धरून ठेवतं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पहिले पैसे वाचले असते.

त्रास आहेतच. किंमत रेडीमेडच्या कितीतरी पट, यायला महिना लागला आणि एप्रिलच्या उन्हात दुपारी आई अक्षरशः रडकुंडीला यायची. घालायला भांडी घासायचे रबरी ग्लोव्हज लागतात, नाहीतर पकडच येत नाही, आणि तेही सकाळी अंथरुणातून उठायच्या आत. क्रीम रात्रीच लावायचं, भेगा पडू द्यायच्या नाहीत, पाय लाल गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, कारण इन्फेक्शन पटकन पसरतं.

पण परवा आईने जुनी चप्पल काढली, पट्टा बसला.

आता घोट्याशी थोडं ढिलं लागतंय, सहा महिन्यांत इलॅस्टिक जातंच म्हणे, पुढच्या आठवड्यात नवीन माप आहे. यावेळी दोन घेणार, कारण या पावसात रात्री धुतलेलं सकाळपर्यंत वाळतच नाही.